जखमी सैनिकाच्या शेजारी

१९१८ साली लुईस येलँड या डॉक्टरचं एक पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या महायुद्धाने ज्यांची वाचा गेली, पाय लुळे पडले, हात थरथरू लागले, पण शरीरावर त्याचं कारण सापडेना, अशा सैनिकांवरच्या उपचारांचं ते पुस्तक. त्यात सुरुवातीलाच चोवीस वर्षांच्या एका साध्या शिपायाची हकीगत येते. मॉन्स, मार्न, ईप्र, लूस अशा लढायांमधून तो जिवंत बाहेर पडला, पुढे सालोनिकाच्या आघाडीवर उन्हाने कोसळला आणि शुद्धीवर आला तो मुका होऊन. नऊ महिने त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. येलँडकडे येण्याआधी त्याच्यावर जे उपाय झाले, त्यांत जिभेच्या शेंड्याला पेटत्या सिगारेटचे चटके देणं हाही एक उपाय होता. येलँडने त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडून घशाला विजेचे झटके दिले. चारेक तासांनी तो बोलू लागला. आवाज परत आला, उपचार यशस्वी झाला, अशी नोंद झाली. त्या आवाजाला काय सांगायचं होतं, याला त्या उपचारात जागाच नव्हती.

त्याच युद्धात, फ्रान्समध्ये, जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाचा एक सैनिकी पाद्री रूआँच्या रेल्वे स्टेशनवर आघाडीकडे निघालेल्या पोरांच्या डब्यांमधून फिरत असे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची घरची पत्रं लिहून देई, खिशातून वुडबाइन नावाच्या स्वस्त सिगारेटी काढून वाटी. सैनिकांनी त्याचं नाव ‘वुडबाइन विली’ ठेवलं. पुढे तो खंदकांत त्यांच्याबरोबर राहिला, जखमींना उचलून आणण्यासाठी गोळीबारात धावला, आणि युद्ध संपल्यावर युद्धाच्याच विरोधात बोलू लागला.

सिगारेट तीच. एकाने ती जिभेवर विझवली, दुसऱ्याने हातात दिली. एका ठिकाणी सैनिकाला बोलायला लावलं जात होतं, दुसऱ्या ठिकाणी त्याला बोलावंसं वाटत होतं. जखमी सैनिकांची मनं मोकळी करण्यात सिगार आणि पाइपच्या बैठकींचा वाटा मोठा आहे, असं अनेक माजी सैनिक मनापासून सांगतात, आणि इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी अशा बैठका आवर्जून भरवल्याही जातात. त्यांच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तिथे माणूस मोकळा होतो तो तंबाखूमुळे नव्हे. तंबाखूच्या निमित्ताने त्याला ज्या चार-पाच गोष्टी मिळतात, त्यांच्यामुळे होतो. त्या गोष्टी तंबाखूशिवाय देता येतात, आणि आपण त्या देत नाही, ही माझी तक्रार आहे.

त्या गोष्टी कोणत्या, हे पाहायचं तर पाइप ओढणाऱ्या माणसाकडे थोडा वेळ नीट पाहावं लागतं. तो पिशवीतून तंबाखूची चिमूट काढतो, पाइपच्या तोंडात सैल सोडतो. दुसरी चिमूट जरा दाबून, तिसरी आणखी दाबून. काडी ओढतो, ज्योत गोल फिरवतो. तंबाखू फुगून वर येते, ती पुन्हा दाबावी लागते, पुन्हा पेटवावी लागते. एवढं करूनही पाइप दहा मिनिटांत विझतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सिगारचं तसंच. टोक कापायचं, कडेने सावकाश शेकत पेटवायची, राख लांबत जाते ती पडू द्यायची नाही. बरी सिगार पाऊण तास ते तासभर चालते. घाईने ओढली तर कडू होते, म्हणून घाई करता येत नाही.

या तासाभरात काय घडतं? पहिली गोष्ट, गप्प बसण्याला परवानगी मिळते. समुपदेशकाच्या खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही की दोघेही अस्वस्थ होतात. इथे पाइप दाबायचा आहे, काडी शोधायची आहे, त्यामुळे शांतता कुणाच्या अंगावर येत नाही. दुसरी, डोळ्यांना दुसरीकडे पाहायला जागा मिळते. जे सांगायचं आहे ते ऐकणाऱ्याच्या नजरेला नजर देऊन सांगणं फार थोड्या माणसांना जमतं, आणि ज्याने माणूस मारला आहे किंवा मित्र मरताना पाहिला आहे त्याला तर नाहीच. विस्तवाकडे पाहत सांगणं जमतं. तिसरी, हात रिकामे राहत नाहीत. थरथरणाऱ्या हाताला काम असलं की थरथर लपते. चौथी, उठायची वेळ आधीच ठरलेली असते. सिगार संपली की बैठक संपली. कुणी ‘अजून सांग’ म्हणत नाही, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य उद्यासाठी ठेवता येतं.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रुग्णालयातला जखमी सैनिक सकाळपासून रात्रीपर्यंत घेणारा असतो. त्याला आंघोळ घातली जाते, त्याचं ड्रेसिंग बदललं जातं, त्याला इंजेक्शन दिलं जातं, भेटायला येणारेही काहीतरी देऊन जातात. कालपर्यंत दहा माणसांची जबाबदारी वाहणारा हा माणूस आता कुणालाच काही देऊ शकत नाही. अशा माणसाने खिशातून सिगार काढून शेजाऱ्यापुढे धरली, तर त्या क्षणी तो देणारा होतो. आणि एक हात गमावलेल्याने शेजाऱ्याकडे काडी मागितली, तर ती मागणी लाचारीची राहत नाही, कारण विस्तव मागणं हा सगळ्या धूम्रपान करणाऱ्यांचा रिवाजच आहे. मदत घेण्याची लाज इथे रीतीखाली झाकली जाते.

हुद्द्याचंही तसंच. बेल्जियममधल्या पोपरिंगे या गावात, आघाडीपासून थोड्याच अंतरावर, डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या पाइपशिवाय न दिसणाऱ्या पाद्र्याने ‘टॅल्बट हाउस’ सुरू केलं. आत येणाऱ्याने हुद्दा दाराबाहेर ठेवावा, अशी पाटीच क्लेटनच्या खोलीच्या दारावर होती. सैन्यासारख्या संस्थेत ही पाटी फार मोठी गोष्ट होती. आपल्याला भीती वाटते, हे शिपाई कर्नलला सांगू शकत नाही आणि कर्नल तर कुणालाच सांगू शकत नाही. पण एकाच काडीवर दोघांनी पाइप पेटवल्यावर पाच-दहा मिनिटं तरी दोघे नुसती माणसं असतात.

आता या सगळ्याला वैद्यकशास्त्रात काही आधार आहे का? आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर मनाने जखमी झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत. सिगफ्रीड ससून हा कवी त्यांचाच रुग्ण. रिव्हर्स मानववंशशास्त्रज्ञही होते. नीलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परक्या माणसाच्या अंगणात बसून तो सांगेल तेवढंच आणि सांगेल तेव्हाच ऐकायचं, ही सवय त्यांना तिथे लागली असावी असं मला वाटतं. १९१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी लंडनमध्ये एक निबंध वाचला. त्या काळी डॉक्टर, नातेवाईक, मित्र सगळे सैनिकाला एकच सल्ला देत होते: झालं गेलं विसर, चांगल्या गोष्टींचा विचार कर. रिव्हर्स यांनी आपल्या रुग्णांच्या हकीगती सांगून दाखवून दिलं की हा सल्लाच कित्येकांना आजारी ठेवतो. दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री स्वप्नात उसळतं.

त्यांच्या एका रुग्णाला स्फोटाने चिंधड्या झालेला आपला मित्र रोज स्वप्नात दिसायचा. रिव्हर्स यांनी त्याला विसरायला सांगितलं नाही. त्याच्याबरोबर त्या दृश्याकडे पुन्हा पाहिलं आणि एवढंच दाखवलं की देहाची ती अवस्था पाहता मित्राला मरण क्षणात आलं असलं पाहिजे, त्याला वेदना झाल्या नसणार. काही दिवसांनी स्वप्न बदललं. स्वप्नात तो आता मित्राशेजारी गुडघे टेकून बसायचा, त्याच्याशी बोलायचा, आणि जागा व्हायचा तो दुःखाने, भीतीने नव्हे. विसरण्याने हे साधलं नसतं. कुणीतरी त्या दृश्यात त्याच्यासोबत उभं राहिलं म्हणून साधलं.

पुढे अमेरिकेत हीच गोष्ट सैनिकांनी स्वतः शोधून काढली. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांचा सरकारी रुग्णालयांवर विश्वास उरला नव्हता. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ते आपले आपणच कोंडाळं करून बसू लागले आणि रॉबर्ट जे लिफ्टन, खाइम शाटन या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावलं ते उपचार करायला नव्हे, बरोबर बसायला. या बैठकींमधून जे बाहेर आलं, त्याचा हातभार लागूनच १९८० साली आघातोत्तर तणावविकाराला अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या अधिकृत यादीत जागा मिळाली.

म्हणजे बैठक खरी आहे. मग धूर का नको? कारण जखमी माणसाला तंबाखू देणं हा त्याच्या जखमेवरच घाव आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. ज्याच्या मांडीचं हाड जुळायचं आहे, ज्याच्या कापलेल्या पायाचा उरलेला भाग नीट भरला तरच कृत्रिम पाय बसणार आहे, त्याच्या भरणाऱ्या मांसाला नेमकं जे हवं तेच तंबाखू हिरावून घेते. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निर्धोक, हा समज चुकीचा आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर तिनेही होतो. मानसिक आघात घेऊन आलेले सैनिक इतरांपेक्षा जास्त धूम्रपान करतात आणि त्यांना ते सोडणंही जास्त जड जातं. तलफ भागली की जी शांतता वाटते, तिचा बराचसा भाग तलफेनेच निर्माण केलेली बेचैनी तेवढ्यापुरती शमल्याचा असतो.

सैनिकाच्या हातात तंबाखू आपोआप आलेली नाही, हेही विसरून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या रोजच्या शिध्याच्या डब्यात सिगारेटी असत. ही प्रथा १९७५ पर्यंत चालली. कंपन्यांना आयुष्यभराचं गिऱ्हाईक मिळालं. देशासाठी अंगावर गोळ्या झेलणाऱ्या माणसाला शिध्यातूनच व्यसन दिलं गेलं, याचा राग येण्याऐवजी त्या आठवणी हळवेपणाने सांगितल्या जातात, हे मला पटत नाही.

धुराशिवाय अशी बैठक साधते याचा पुरावा जुना आहे. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरी हिच्या नावाने ब्रिटिश सैन्यात पितळी डब्या वाटल्या गेल्या. त्यात पाइप, तंबाखू, सिगारेटी होत्या. पण फ्रान्समध्ये लढणाऱ्या शीख सैनिकांना तंबाखू चालत नाही, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी दिली गेली. ते खडीसाखर वाटून घेत बसले म्हणून त्यांची मैत्री उणी ठरली, असं कुणी म्हणेल का? अलीकडे वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक नव्याने आलेल्या जखमी पोरांसाठी मिल्कशेक घेऊन जायचा. कृत्रिम पायांवर चालत वॉर्डात येणारा आणि हातात पेला देणारा तो माणूस त्या पोरांना न बोलताच पुष्कळ काही सांगून जात होता. ऑस्ट्रेलियात तर निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या, दुरुस्तीच्या सामाईक शेड गावोगाव उभ्या राहिल्या आहेत. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, या अनुभवावर ती चळवळ चालते.

धुराच्या बैठकीची आणखी एक उणीव आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. ती बहुतेक पुरुषांचीच राहते. रात्री दोन वाजता ओरडत उठणाऱ्या सैनिकाला सावरते त्याची बायको. त्या किंकाळीमागे काय आहे, हे बैठकीतल्या चौघांना ठाऊक असतं आणि तिला नसतं. आपला नवरा परक्यांजवळ मोकळा होतो, आपल्याजवळ होत नाही, हे तिने किती काळ सोसायचं? त्याच्याबरोबर शेंगा फोडत, मटार सोलत, गोठ्यात काम करत बसण्याचा हक्क तिचाही आहे, आणि तिथेही नजर खाली, हात गुंतलेले आणि शांततेला परवानगी या तिन्ही गोष्टी असतात.

बैठक खरी, तंबाखू नुसतं निमित्त, हे मला पटलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात. तिथे घराआड एक पेन्शनर. माझे चुलत आजोबा, तात्या, त्यातलेच. १९६५ च्या लढाईतले छर्रे त्यांच्या मांडीत अखेरपर्यंत होते. घरात त्यांना लढाईबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं तर “काय नाही, गेलो आणि आलो,” एवढंच उत्तर. पण संध्याकाळी पारावर आण्णा यायचे, तेही फौजेतलेच. दोघे शेजारी बसायचे, तोंडं रस्त्याकडे. “सोड की रं चंची,” तात्या म्हणायचे. आण्णा चंची सोडायचे, तळहातावर तंबाखू घ्यायचे, नखाने चुना लावायचे, अंगठ्याने बराच वेळ मळायचे, दोन थापा मारून भुकटी उडवायचे आणि निम्मी चिमूट तात्यांच्या हातावर ठेवायचे. एकदा त्या मळण्याच्या मध्येच तात्या म्हणाले, “शेजारच्या गावचा होता पोरगा. रातभर पाणी मागत होता. जाता येत नव्हतं.” आण्णा काही बोलले नाहीत. मळत राहिले. मी पायरीवर बसून ऐकत होतो. तात्यांच्या तोंडून लढाईचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. आण्णांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला, आणि ते गेल्यावर तात्यांचं पारावर जाणं थांबलं. त्या दोघांना जे हवं होतं ते चंचीत नव्हतं, पण चंचीशिवाय ते मिळवायची रीत त्यांना कुणी दिली नव्हती.

आपण त्यांना काय दिलं? सत्कार दिला. महाराष्ट्रात जखमी सैनिकाला बोलतं करायचा आपल्याला एकच मार्ग ठाऊक आहे: व्यासपीठावर बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि माइक हातात देऊन ‘दोन शब्द’ बोलायला सांगायचं. शेकडो डोळे त्याच्यावर रोखलेले, शांततेला जागा नाही, सांगायचं ते अभिमानाचंच असलं पाहिजे ही सगळ्यांची अपेक्षा. पारावरच्या बैठकीत जे जे होतं, त्याच्या नेमकं उलट. तो ठरावीक चार वाक्यं म्हणतो, टाळ्या पडतात, आणि ज्या मित्राला तो उचलून आणू शकला नाही त्याचं नाव घशातच राहतं. सत्कार करणाऱ्यांच्या मनात आदर असतो, यात शंका नाही. पण त्या आदराने माणूस आणखी एकटा पडतो.

पुण्यात १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, हे आता घरोघर ठाऊक आहे. शरीर उभं करण्यात आपले लष्करी डॉक्टर कुठेही कमी नाहीत. प्रश्न उरतो तो केंद्रातून गावी परतल्यानंतरच्या वर्षांचा, जिथे मागे ना तुकडी असते ना वॉर्ड.

नुसती बैठक सगळं बरं करील, असा माझा दावा नाही. त्याच निबंधात रिव्हर्स यांनी आणखी एका अधिकाऱ्याची हकीगत सांगितली आहे. स्फोटाने तो उडाला आणि एका सडलेल्या प्रेतावर तोंडावर आपटला. त्या आठवणीत दिलासा देणारं काही शोधायचा रिव्हर्स यांनी प्रयत्न केला, त्यांना ते सापडलं नाही, आणि त्यांनी ते मान्य केलं. शेवटी त्याला सैन्य सोडून खेड्यात जाऊन राहावं लागलं. काही जखमांना प्रशिक्षित माणूस, औषध आणि पुष्कळ काळ लागतो, आणि काहींना तेवढंही पुरत नाही. रिव्हर्स यांनी दुसऱ्या टोकाबद्दलही बजावलं होतं की सतत तीच आठवण उगाळणंही घातकच. बैठकीचा उपयोग एवढाच की माणूस दारापर्यंत येतो. आपल्या गावांत तो तिथवरही येत नाही, कारण त्याच्या शेजारी बसायला कुणी नसतं.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी वर्षातले दोन सत्कार कमी करावेत आणि प्रत्येक तालुक्याला एक अशी जागा द्यावी जिथे जखमी सैनिक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, हातात काम घेऊन एकत्र बसतील. सायकल दुरुस्ती असो, रोपवाटिका असो, चहाची चूल असो. सुरुवात जुन्या जखमी सैनिकाने करावी, भाषण कुणीही करू नये. रुग्णालयांनी वॉर्डात तंबाखूबंदी पाळावी, पण धूम्रपानाचा कट्टा बंद करताना तिथला बाकही उचलून नेऊ नये.

आणि तुमच्या गावात असा कुणी असेल, तर तुम्ही जा. दर आठवड्याला त्याच वेळी जा, समोर न बसता शेजारी बसा, लढाईचं विचारू नका. तो गप्प राहिला तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा जा. तो बोलू लागला तर मध्ये शौर्याच्या गोष्टी आणू नका. आणि आपल्याला जगायचंच नाही असं त्याच्या बोलण्यात आलं, तर मात्र नुसतं ऐकत बसू नका, त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.